जुन्या फायबर स्पीडबोटीच्या तळाला पायरी कशी बसवावी

वेगात धावणाऱ्या बोटीच्या तळाला आडवा टप्पा दिला, की पाणी त्याच्या धारेवरून सुटतं, मागे हवेचा पट्टा तयार होतो आणि तळाचा तेवढा भाग पाण्याला चिकटत नाही. पायरीवाला तळ म्हणतात तो हाच. कल्पना जुनी आहे. चार्ल्स मीड रामस या इंग्लिश पाद्र्याने १८७२ साली ती ब्रिटिश आरमारापुढे मांडली आणि विल्यम फ्रूड या अभियंत्याने तिचे छोटे नमुने पाण्यात ओढून पाहिले. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात जहाजांना ती परवडणारी नव्हती. हलकी पेट्रोल इंजिनं आल्यावर मात्र तिचे दिवस पालटले. पहिल्या महायुद्धातल्या थॉर्निक्रॉफ्ट या ब्रिटिश कंपनीच्या कोस्टल मोटर बोटी (आरमाराच्या वेगवान टॉर्पेडो बोटी) पायरीच्या तळावरच धावत. सी-प्लेनच्या फ्लोटखालीही (पाण्यावर टेकणाऱ्या तरंग्याखाली) हीच पायरी असते. ती नसेल तर पाणी फ्लोटला धरून ठेवतं आणि विमान उठायला मागत नाही.

नवी बोट पायरीसकट मोल्डमधून काढणं सोपं. हा लेख आहे तो आधीच पाण्यात असलेल्या बोटीसाठी. उदाहरणाला कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात दिसते तशी बोट घेऊ: ६.८ मीटर लांब, खोल व्ही तळ, ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या उभ्या फळीजवळ) तळाचा उतार २० अंश, चाइनजवळची (तळ आणि बाजू जुळतात त्या कडेजवळची) रुंदी २.१ मीटर, मागे १५० अश्वशक्तीचं एक ओबीएम (बाहेर टांगलेलं इंजिन), इंधन आणि माणसांसकट वजन १,६०० किलो, कमाल वेग ३५ नॉट. तुमच्या बोटीचे आकडे वेगळे असतील. रीत तीच राहील.

आधी ठरवा: पायरी हवी आहे का?

३५ नॉट म्हणजे सेकंदाला १८ मीटर. या वेगाला तळाचा सात चौरस मीटर भाग ओला असेल तर नुसत्या घर्षणाचा विरोध सुमारे २६० किलो येतो. तळ तीन अंश वर नाक करून चालतोय असं धरलं तर १,६०० किलो वजन उचलून धरण्याचा विरोध आणखी ८४ किलो. म्हणजे या वेगाला इंजिनाची बरीचशी ताकद पाणी घासण्यात जाते. ओल्या भागातला दीड चौरस मीटर कोरडा झाला तर ५५ किलोच्या आसपास विरोध कमी होतो. हा फायदा खरा आहे. पण २० नॉटला चालणाऱ्या बोटीला तो जवळजवळ मिळत नाही, उलट प्लेनवर (पाण्यावर उचलून घसरत चालण्याच्या अवस्थेत) येताना पायरी पाणी ओढते. नेहमीचा वेग २५ नॉटच्या खाली असेल, किंवा बोट रोज वेगवेगळ्या वजनाने भरून जात असेल, तर हा खटाटोप करू नका.

वेग हवा म्हणून आलेल्या पुष्कळ बोटींचं दुखणं वेगळंच असतं. ट्रान्समच्या पुढच्या मीटर-दीड मीटरवर लांब सरळ पट्टी धरून बघा. पट्टी आणि तळ यांच्यात मध्ये फट दिसली, तर तळ खोलगट झालाय आणि तो नाक खाली दाबतोय. फोममध्ये मुरलेलं पाणी, चुकीच्या पिचचा (पात्यांच्या पिळाचा) पंखा, वर्षानुवर्षं साठलेलं सामान हेही तपासा. ही कामं स्वस्त आहेत आणि बऱ्याचदा पायरीपेक्षा जास्त देतात.

बोट प्रवासी वाहतुकीची किंवा भाड्याची असेल तर कामाला हात लावण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्व्हेअरशी आणि विमा कंपनीशी बोला. तळाचा आकार बदलला की बोटीचं वागणं बदलतं. कागदावरची बोट आणि पाण्यातली बोट वेगळी असणं अपघाताच्या वेळी फार महाग पडतं.

कापायचं की चढवायचं

पायरी दोन प्रकारे येते. मागचा तळ कापून वर उचलायचा, किंवा पुढच्या तळाखाली पाचर चढवून तो खाली आणायचा. कापण्यात तळाची सलग कातडी तुटते, आतले लांब स्ट्रिंगर (तळाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) उघडे पडतात आणि बोट जिथे सर्वांत जास्त वाकते तिथेच बिजागरी तयार होते. ते भरून काढायला आतून आडवी फ्रेम आणि दुप्पट लॅमिनेशन (रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबर कापडाचे थर) लागतं. हे बोटयार्डाचं काम आहे, तेही नौका-अभियंत्याच्या ड्रॉइंगवर. पाचर चढवताना जुना तळ शाबूत राहतो, आणि नाही जमलं तर ग्राइंडरने उतरवताही येते. पुढचं सगळं पाचरीबद्दल आहे, आणि तेही एकाच पायरीबद्दल. दोन पायऱ्यांचं गणित घरी बसवू नये.

गुरुत्वमध्य मोजा

सगळी भिस्त या आकड्यावर आहे. बोट चालवता तशी भरा: टाकी अर्धी, बॅटरी, नांगर, दोर जागच्या जागी, माणसांऐवजी वाळूच्या गोण्या. दोन आडव्या आधारांवर ती सपाट ठेवा आणि प्रत्येक आधाराखालचं वजन काट्यावर घ्या. समजा मागचा आधार ट्रान्समपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि तिथे १,००० किलो भरलं. पुढचा पाच मीटरवर, तिथे ६००. मग १,००० गुणिले ०.५ अधिक ६०० गुणिले ५, भागिले १,६००. उत्तर २.१९ मीटर. बोटीचा गुरुत्वमध्य ट्रान्समच्या पुढे तेवढ्या अंतरावर आहे. अंदाजाने ‘सीटच्या खाली कुठेतरी’ म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं.

आता पायरी कुठे येईल ते बघू. पुढच्या तळाचा उचल-बिंदू पायरीच्या धारेपुढे साधारण ६० सेंटिमीटरवर आणि मागच्या तळाचा ट्रान्समपुढे ५० सेंटिमीटरवर धरा. हे ढोबळ आकडे आहेत, पण दिशा बरोबर दाखवतात. पायरी २.० मीटरवर घेतली तर पुढचा आधार २.६ वर येतो. तराजूच्या नियमाने पुढचा तळ ८० टक्के वजन उचलतो आणि मागचा २०. पायरी १.६ मीटरवर, म्हणजे मागे नेली, तर पुढचा आधार जवळजवळ गुरुत्वमध्याखालीच येतो. मागच्या तळाला काही उरत नाही, बोट एकाच टेकूवर डोलते आणि नाक वर-खाली आपटायला लागते. पायरी २.६ वर, म्हणजे पुढे घेतली, तर मागचा तळ ३७ टक्के वजन उचलतो. मग तो बऱ्यापैकी ओला राहतो, फायदा घटतो, आणि पुढचा निमुळता भाग पाण्यात रुतून बोट नाकाने वळायला बघते. आपल्या उदाहरणात दोन मीटर योग्य: गुरुत्वमध्याच्या किंचित मागे.

एक माणूस आणि शीतपेटी पुढे-मागे केल्यावर हा मध्य किती सरकतो, तेही मोजून ठेवा. ८० किलोचा माणूस दोन मीटर पुढे गेला की तो १० सेंटिमीटर सरकतो. पायरीवाल्या बोटीला ते लगेच कळतं.

उंची आणि पाचरीची लांबी

बोट तीन अंश नाक वर करून चालत असेल तर तळ मागे जाताना दर मीटरला ५२ मिलिमीटर खाली येतो. पायरी ३० मिलिमीटर उंच असेल आणि मागचं पाणी सपाट धरलं, तर ते ५७ सेंटिमीटरवर तळाला पुन्हा भेटतं. प्रत्यक्षात पाणी धारेवरून सुटताना खालच्या दिशेने जात असतं, त्यामुळे कोरडा पट्टा यापेक्षा लांब होतो. ४० मिलिमीटर घेतली तर पट्टा आणखी वाढतो, पण प्लेनवर येतानाची ओढही वाढते आणि वळणावर मागची पकड कमी होते. या आकाराच्या बोटीला मी ३० च्या पुढे जाणार नाही.

लोक फसतात ते पाचरीच्या लांबीत. ३० मिलिमीटरची पाचर ६० सेंटिमीटरमध्ये संपवली तर तिचा कोन जवळजवळ तीन अंश होतो. तीन अंशाने चालणाऱ्या बोटीच्या पोटाखाली तो सहा अंशांचा ब्रेक ठरतो. १:५० चा उतार घ्या: ३० मिलिमीटरला दीड मीटर लांबी, कोन सव्वा अंशाच्या आत. पाचर ट्रान्समपासून साडेतीन मीटरवर शून्य जाडीने सुरू होईल आणि दोन मीटरवर ३० मिलिमीटर होऊन तुटेल. जाडी तळाला काटकोनात मोजायची आणि कीलपासून (तळाच्या मधल्या कण्यापासून) चाइनपर्यंत सारखी ठेवायची, म्हणजे व्हीचा उतार बदलत नाही.

यातून आणखी एक गोष्ट होते. धार दोन मीटरवर ३० मिलिमीटर खाली आली, म्हणजे धार आणि ट्रान्सम या दोन टेकूंवर बोट आधीपेक्षा सुमारे ०.८६ अंश नाक वर करून बसते. वेग वाढल्यावर नाक पाडणाऱ्या बोटींना हे हवंच असतं. पायरीचा म्हणून सांगितला जाणारा फायदा बऱ्याचदा यातूनही आलेला असतो.

हवा कुठून येणार?

इथे कंजुषी करू नका. हवा न मिळणारी पायरी म्हणजे तळाला लावलेला पंप: ती पोकळी करते आणि बोटीला मागे खेचते. व्ही तळाच्या बोटीत पायरीच्या जागी चाइन वेगातही पाण्याच्या फवाऱ्याखाली असू शकते. आधी शेजारच्या बोटीतून तुमच्या बोटीचा पूर्ण वेगात बाजूने व्हिडिओ घ्या आणि दोन मीटरच्या खुणेवर चाइन कोरडी दिसते का ते पाहा. खुणेला रंगीत टेप लावली की नीट दिसतं.

कोरडी असो वा नसो, पाचर चाइनवरून वळवून बोटीच्या बाजूवर १५० मिलिमीटर वर न्या, ३५ मिलिमीटर बाहेर काढा आणि मागे सरळ कापा. हा कान पाणी बाजूला फेकतो आणि त्याच्या पाठीमागच्या आडोशातून हवा खाली पायरीत उतरते. वळणावर आतल्या बाजूचा कान बुडणार हे गृहीत धरा. तेव्हा बाहेरचा कान श्वास घेतो, म्हणून पायरीच्या मागचा रस्ता कीलपाशी अडवू नका. काही जण पायरीच्या उभ्या भिंतीतून डेकपर्यंत पाइप नेतात. ते पाण्याच्या रेषेखालचं भोक आहे हे विसरू नका. जाड भिंतीचा फायबर पाइप दोन्ही टोकांना लॅमिनेट केलेला हवा आणि वरचं तोंड उघड्या हवेत हवं. बिल्जमध्ये (बोटीच्या पोटात) कधीच नको.

फायबरला हात लावण्याआधी: नमुना ओढा

१:५ चा नमुना दोन-तीन दिवसांत प्लाय आणि फोममधून होतो. लांबी १.३६ मीटर. वजन १,६०० भागिले १२५, म्हणजे १२.८ किलो. गुरुत्वमध्य ट्रान्समपासून ४४ सेंटिमीटरवर. फ्रूडच्या नियमाने वेग ३५ भागिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे साडेपंधरा नॉट. पायरी ६ मिलिमीटर. दुसऱ्या बोटीच्या बाजूला लांब बांबू बाहेर काढून, तिच्या लाटेच्या पलीकडे, शांत खाडीत सकाळी ओढा आणि दोराला स्प्रिंग-काटा लावा. नमुन्याच्या काट्यावरचा आकडा १२५ ने गुणून खऱ्या बोटीचा विरोध निघत नाही, कारण लहान नमुन्यात घर्षणाचं प्रमाण जास्त असतं. पण पायरी आहे आणि नाही यातला फरक, नाक आपटतंय का, कान पाणी गिळतोय का, हे स्वच्छ दिसतं. पायरी दहा सेंटिमीटर पुढे-मागे करून बघायची असेल तर नमुन्यावर ते मेण आणि टेपने होतं.

तळाची तयारी

इंजिन उतरवा आणि बोट पालथी करा. चेन-पुली आणि रुंद पट्टे असले की जमतं. झोपून डोक्यावर लॅमिनेशन करायला जाल तर रेझिन कोपरापर्यंत येईल आणि आत हवेचे बुडबुडे राहतील.

हंगामाचा विचार करा. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, यार्डात कारागीर मोकळे असतात, म्हणून काम तेव्हाच काढायचा मोह होतो. पण पावसाळ्याच्या त्या दमट हवेत एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) दुधाळ होतं आणि जुना तळ सुकत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा. तळावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव आलं असेल तर तळ अजून ओला आहे.

बोट पाण्याच्या लेव्हल-पाइपने सपाट करा. ट्रान्समपासून दोन्ही चाइनवर दोन मीटरची खूण करा, मग नाकाच्या मध्यबिंदूपासून दोन्ही खुणांचं तिरकं अंतर मोजा. दोन्हींत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पायरी तिरकी झाली तर बोट कायम एका बाजूला कलेल आणि तुम्ही इंजिनाला दोष देत बसाल.

पाचर येणार तिथला, आणि चारही बाजूंनी १५० मिलिमीटर पुढचा, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) पूर्ण काढा. क्रम महत्त्वाचा: आधी अ‍ॅसिटोनने पुसा, मग घासा. उलट केलं तर मेण आणि तेल ओरखड्यांत भरलं जातं. ६० किंवा ८० नंबरचा पेपर, आणि तळ सगळीकडे मळकट, एकसारखा दिसेपर्यंत. चकाकणारा ठिपका म्हणजे न चिकटणारी जागा. त्या भागातल्या जुन्या स्प्रे-रेल (पाणी बाजूला फेकणाऱ्या लांब पट्ट्या) काढा. पायरीच्या पुढच्या रेल नंतर नव्याने थेट धारेपर्यंत आणून तिथेच तोडायच्या.

पाचर बसवणं आणि लॅमिनेशन

गाभ्याला घनमीटरला १०० ते १३० किलोचा पीव्हीसी फोम घ्या. थर्माकोल नको: पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं, आणि एपॉक्सीत टिकला तरी लाटेच्या माराखाली चेचतो. रेझिन मात्र एपॉक्सीच. मोल्डमध्ये पॉलिस्टर चांगलं, पण जुन्या कडक झालेल्या तळाला नवा थर चिकटवायला त्याची पकड अपुरी पडते. एपॉक्सीबरोबर दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं बायअ‍ॅक्सिअल कापड वापरा. नेहमीच्या चॉप्ड मॅटमधला (तुकडे केलेल्या तंतूंच्या चटईतला) बाइंडर स्टायरीनने सुटतो, एपॉक्सीने नाही, त्यामुळे मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात उठते.

फोमच्या पट्ट्या उताराने रंधून घ्या आणि जाड केलेल्या एपॉक्सीत बसवा. जाड करायला सिलिका किंवा मायक्रोफायबर. मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची पूड) फक्त शेवटच्या पुट्टीसाठी, भार येतो तिथे नको. फोमला दर १५-२० सेंटिमीटरवर बारीक भोकं पाडा म्हणजे खालची हवा सुटते. मागच्या कडेचे शेवटचे २५ मिलिमीटर फोमचे नकोत. तिथे भरीव फायबरची पट्टी बसवा. ट्रेलर, वाळूचा किनारा, खडक सगळे हिलाच भेटणार आहेत.

वरून चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या कापडाचे चार थर, कीलवर आणि धारेजवळ सहा. पुढच्या टोकाला प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ४-५ सेंटिमीटर पुढे जुन्या तळावर न्या. मागे कापड पायरीच्या भिंतीवरून उतरवून मागच्या तळावर १५० मिलिमीटर न्यायचं, आणि आतल्या कोपऱ्यात आधी १५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई भरायची. नाहीतर कापड तिथे ताणून पोकळ राहतं. एका दिवसात जमेल तेवढंच घ्या. दुसऱ्या दिवशी आधीच्या थरावर मेणचट पापुद्रा आला असेल, तर तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवून, वाळवून, घासून मगच पुढे जा.

बाहेरच्या धारेवर कापड काटकोनात वळत नाही, गोल होतं. गोल धारेवर पाणी सुटत नाही, वळून पायरीत शिरतं. म्हणून लॅमिनेशन झाल्यावर मागून मेण लावलेली सरळ पट्टी क्लॅम्प करा, ती आणि गोल धार यांच्यातल्या फटीत सिलिका घातलेलं एपॉक्सी भरा, आणि कडक झाल्यावर कानशीने धार काढा. त्रिज्या एक मिलिमीटरच्या आत हवी. हात फिरवल्यावर टोचली पाहिजे.

पुट्टी, लांब फळीवर लावलेला पेपर, एपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक पॉलियुरेथेन रंग. एपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोट मारू नका, तो सुटतो.

परत पाण्यात

काम सुरू करण्यापूर्वीचे आकडे तुमच्याकडे असलेच पाहिजेत: त्याच वजनाला, त्याच पंख्याने, येता-जाता दोन्ही दिशांना जीपीएसचा वेग, दर ५०० आरपीएमला, आणि प्लेनवर यायला लागणारा वेळ. त्याशिवाय नंतरचा ‘वेग वाढला’ हा शुद्ध भास.

पहिल्या दिवशी दोनच माणसं, दोघांना लाइफ जॅकेट आणि हेल्मेट, चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी). आधी सरळ रेषेत, पाच-पाच नॉटने वर. प्रत्येक टप्प्यावर इंजिनाच्या गार पाण्याचा दाब बघा. पायरीच्या मागचं पाणी हवेने फेसाळलेलं असतं. पंखा हवा गिळत असेल तर इंजिन ट्रान्समवर बोल्टचं एक भोक खाली घ्या. डेप्थ साउंडरचा (खोली मोजणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर ट्रान्समवर असेल तर वेगात तो काही दाखवणार नाही. त्याची जागा पायरीच्या पुढे.

मग वळणं, आणि खरी परीक्षा तीच. साधा व्ही तळ वळणावर पूर्ण लांबीने पाणी धरतो. पायरीवाल्याचा मागचा भाग अर्धा हवेवर असतो, तो घसरतो, नाक रुततं आणि बोट क्षणात उलटी फिरते, माणसं बाहेर. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, ट्रिम (इंजिनाचा कोन) मध्यावर, टॅब (ट्रान्समखालच्या झडपा) पूर्ण वर, आणि वळण संपेपर्यंत थ्रॉटल स्थिर. वळणाच्या मध्यात घाबरून थ्रॉटल सोडणं हीच सर्वांत वाईट प्रतिक्रिया, कारण वजन पुढे जातं आणि नाक आणखी बुडतं. २० नॉटला मोठ्या वर्तुळाने सुरुवात करा, दोन्ही बाजूंना, मग २५. मागचा भाग सरकू लागल्याचं कमरेला जाणवलं की तो तुमच्या बोटीचा वळणाचा वेग. तो डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. त्या वेगाच्या खालीही घसरत असेल तर सामान पुढे-मागे करून बघा, आणि तरीही घसरत असेल तर मागच्या तळावर दोन्ही बाजूंना एक-एक उभा फिन द्या. तेवढ्याने भागलं नाही तर पायरी उतरवा.

ट्रेलरचे रोलर आणि क्रेनचे पट्टे आता जुन्या जागी चालणार नाहीत. पट्टा धारेवर आला तर बोटीचं सगळं वजन ३० मिलिमीटरच्या कडेवर येतं. पट्ट्याच्या जागा बाजूवर रंगाने दाखवा. पहिल्या महिन्यानंतर बोट वर घ्या आणि पाचरीवर सगळीकडे नाण्याने टकटक करा. टणक आवाजाच्या मध्ये कुठे बोदा आवाज आला तर तिथे फोम सुटलाय. बोट सुकवून तिथे दोन भोकं पाडा, एकातून एपॉक्सी भरा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत.